चहाच्या मसाल्याची कुळकथा

मार्गशीर्ष-पौषाचे दिवस आले की आपल्या रिसोडच्या शिवारात हरभरा घाटे धरू लागतो. गव्हाला ओलिताची पाळी येते. वीज रात्रीची मिळाली तर माणसाला रात्रीच बांधावर उभे राहावे लागते. पहाटे तो घरी परततो तेव्हा बोटे गारठलेली असतात. घरची बाई काही न विचारता चुलीवर चहा मांडते. त्यात सुंठेची चिमूट पडते, विलायची पडते, फारच थंडी असली तर दोन मिरेही ठेचून पडतात. मग माणूस बोलता होतो.

हा चहा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की तो कुठून आला हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्ही वर्गात एक प्रश्न विचारून पहा. "मुलांनो, या मसाल्याच्या चहात वयाने सगळ्यांत थोरला कोण, आणि धाकटा कोण?" पुष्कळ मुले म्हणतील, चहा थोरला, कारण पेयाला नाव त्याचे आहे. उत्तर नेमके उलटे आहे. आपल्या घरात चहा हा सर्वांत धाकटा. सुंठ, मिरे आणि पिंपळी ही थोरली मंडळी. त्यांचीच कुळकथा आज सांगावयाची आहे.

आपल्याकडे म्हण आहे, "सुंठीवाचून खोकला गेला." काही खटपट न करता काम झाले, असा तिचा अर्थ. पण म्हणीच्या पोटात शिरून पहा. खोकला झाला की सुंठ द्यायची, ही गोष्ट इतकी ठरलेली होती, की तिच्यावाचून खोकला जाणे हेच नवल वाटावे. सुंठ, मिरे आणि पिंपळी या तिघांना मिळून वैद्य 'त्रिकटू' म्हणतात. कटू म्हणजे इथे कडू नव्हे, तिखट. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतून हे त्रिकूट पदोपदी भेटते. लक्षात घ्या, हिरवी-लाल मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या मागून. त्याच्या आधी आपले तिखट म्हणजे हेच होते.

आता औषध तयार करण्याच्या रीती पहा. आयुर्वेदात त्या मुख्यतः पाच सांगितल्या आहेत : पिळून काढलेला रस, वाटलेला कल्क, उकळून केलेला क्वाथ म्हणजे आपला काढा, थंड पाण्यात भिजवून केलेला हिम, आणि कढत पाणी ओतून, थोडा वेळ ठेवून गाळलेला फांट. शार्ङ्गधरसंहिता हा तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराचा ग्रंथ. त्यात काढ्याचे माप दिले आहे : एक भाग औषधाला सोळा भाग पाणी घ्यावे आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावे. क्वाथ आणि फांट हे दोन शब्द तेवढे ध्यानात ठेवा. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

ही मंडळी येत कुठून? अद्रक आपल्या परसात होते. ते वाळवले की सुंठ झाली. मिरे मात्र मलबारचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले समुद्रप्रवासाचे टिपण आजही उपलब्ध आहे. मलबारच्या बंदरांतून मिरे जहाजात चढत, भडोचच्या बंदरातून पिंपळी परदेशी जाई, असे त्यात नोंदवले आहे. त्याच भडोच बंदरात पैठणचा आणि तेरचा माल गाड्यांतून येई, हेही त्यात आहे. पैठण आणि तेर काही आपल्यापासून फार लांब नाहीत. त्याच शतकातल्या प्लिनी नावाच्या रोमन ग्रंथकाराने भाव लिहून ठेवले आहेत. काळे मिरे शेकडा नव्हे, एका रोमन रतलाला ४ दिनार. पिंपळी १५ दिनार. म्हणजे आपली पिंपळी मिऱ्याच्या जवळजवळ चौपट महाग! आणि गंमत अशी, की युरोपातल्या भाषांनी मिऱ्याला जे नाव दिले, ते आपल्या 'पिप्पली' या शब्दावरूनच. अद्रकाच्या 'शृंगवेर' या संस्कृत नावाचाही असाच प्रवास झाला आणि त्याचे तिकडे 'जिंजर' झाले.

लवंगेची वाट त्याहून लांबची. लवंगेचे झाड मूळचे आज इंडोनेशियात असलेल्या मोलुक्का बेटांचे. कालिदासाच्या रघुवंशात दुसऱ्या बेटांवरून येणाऱ्या लवंगेच्या फुलांचा उल्लेख आहे. लवंग समुद्रापलीकडून येते, हे आपल्या लोकांना दीड हजार वर्षांपूर्वी माहीत होते असे यावरून दिसते. जायफळ तिथल्याच बांदा बेटांचे. आपण ज्याला कलमी म्हणतो ती दालचिनी. तिची उत्तम जात सिंहलद्वीपाची, म्हणजे श्रीलंकेची. विलायची मात्र पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडची, घरचीच म्हणा ना.

या सुगंधी जिनसांपायी जगात रक्तही सांडले आहे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतजवळ उतरला तो मिऱ्यांच्या वासाने. त्याच्या मागून डच आले. जायफळाचा सगळा व्यापार आपल्या एकट्याच्या मुठीत असावा म्हणून डच कंपनीच्या यान पीटरसून कून या अधिकाऱ्याने १६२१ साली बांदा बेटांवर चढाई केली. तिथले मूळ रहिवासी बहुतेक मारले गेले, पळाले किंवा गुलाम झाले. पुढे १६६७ साली इंग्रज आणि डच यांच्यात ब्रेडा येथे तह झाला. त्या तहाने जायफळाचे रन नावाचे चिमुकले बेट डचांकडे राहिले आणि अमेरिकेतले मॅनहटन इंग्रजांकडे. आज ज्या मॅनहटनवर न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभ्या आहेत, तेच हे. आपण जायफळ सहाणेवर दोन वेढे उगाळतो. मुलांना भूगोल शिकवताना ते जायफळ हातात देऊन ही हकीगत सांगावी.

समुद्रावरून हा माल किनाऱ्याला लागे. तिथून वऱ्हाडात कसा येई? १८६७ साली मुंबईची रेल्वे वऱ्हाडातून नागपुरापर्यंत पोहोचली. त्यापूर्वी आतल्या मुलखाचा व्यापार चाले तो बैलांच्या पाठीवर. आपल्या वाशीम जिल्ह्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. याच समाजाचे तांडे वऱ्हाडचा कापूस घेऊन जात आणि परतताना मीठ आणीत. 'लमाण' हे नावच 'लवण' म्हणजे मीठ या शब्दावरून पडले असे मानतात. मीठ आणि किराणा अशा रीतीने कोसाकोसाने आत येई. म्हणून लवंगेला किंमत होती. म्हणून ती मोजून, डबीत घालून, फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली जाई.

आता धाकट्याकडे येऊ. आसामच्या रानात सिंगफो लोक चहाचे झाड ओळखून होते. रॉबर्ट ब्रूस नावाच्या इंग्रजाला त्याचा पत्ता १८२३ साली लागला. १८३४ साली सरकारने चहाच्या लागवडीसाठी समिती नेमली आणि १८३९ साली आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनात झाला. पण पुढे कित्येक वर्षे हा चहा पिकायचा इथे आणि प्यायचे तिकडे. आपल्या खेड्यांत त्याची चवही कुणाला ठाऊक नव्हती. मळे वाढले, माल जास्त झाला, तेव्हा मळेवाल्यांचे लक्ष आपल्याकडे गेले. १९०३ साली चहा उपकर कायदा झाला. परदेशी जाणाऱ्या चहावर अल्पसा कर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार करावयाचा, अशी ती योजना होती. पुढे गिरण्यांत आणि खाणींत चहाची दुकाने निघाली, रेल्वे स्थानकांवर चहा कसा करावा याचे फलक लागले. १९३० नंतरच्या मंदीत परदेशी बाजार पडला, तेव्हा तर हा प्रचार दारोदार पोहोचला.

आणि काय शिकवीत असत हे प्रचारक? किटली आधी गरम करा. माणशी एक चमचा पत्ती घाला. वर उकळते पाणी ओता. झाकण लावून काही मिनिटे ठेवा. मग कपात गाळून वरून थोडे दूध-साखर घाला. ओळखलेत का? हा आपला फांट! आपल्या बायाबापड्यांनी ते ऐकून घेतले आणि घरी येऊन काय केले? पाणी, दूध, गूळ किंवा साखर, पत्ती आणि वर ठेचलेले अद्रक किंवा सुंठ, असे सगळे एकाच पातेल्यात घालून रटरट उकळले. म्हणजे फांटाचा क्वाथ केला. हाताला काढ्याची सवय होती. नवे पान आले तरी त्याला जुन्याच रीतीने चुलीवर चढवले. सून नवी आली तरी घराचा कुळाचार तिने शिकावा, तसेच हे झाले.

प्रचारकांना हे रुचले नाही. त्याचे कारण साधे होते. मसाला आणि दूध वाढले की पत्ती कमी लागते, आणि त्यांना तर पत्ती खपवायची होती. चहावाल्यांनी आणि गृहिणींनी मात्र आपली रीत सोडली नाही. १९३० साली आसामात पत्ती चिरडून, फाडून, गोळीदार करण्याचे यंत्र निघाले. स्वातंत्र्यानंतर त्या यंत्राची दाणेदार पत्ती देशभर पसरली. ती स्वस्त होती, तिचा रंग दाट उतरे, आणि उकळून करण्याच्या आपल्या रीतीला ती अगदी मानवली. तेव्हापासून मसाल्याचा चहा घरोघर पक्का झाला.

याच काळात दुसराही आवाज होता आणि तो आपल्या विदर्भातूनच निघत होता. १९३४ साली वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले. जे गावात बनू शकते ते गावातच बनवावे, असा त्याचा आग्रह. गांधीजी स्वतः गरम पाण्यात मध-लिंबू घेत. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर लिहिले, त्यात चहाची शरीराला गरज नाही असेच मत मांडले. लोकांनी चहा सोडला नाही, ही गोष्ट खरी. पण त्यात घरचा मसाला घातला, गुळाचा खडा घातला, आणि बाजारच्या वस्तूला घरचे वळण लावले.

आता देण्याघेण्याविषयी थोडे बोलू. सणासुदीला मसाला भेट द्यायचा हे काही आजचे खूळ नव्हे. दत्तजयंतीला जन्माचा पाळणा झाला की हातावर काय पडते? सुंठवडा. सुंठ, खोबरे, खसखस, साखर, विलायची यांची ती कोरडी भुकटी. रामनवमीला आणि गोकुळाष्टमीलाही तीच. बाळंतिणीला जे द्यायचे, तेच देवाच्या जन्माला सगळ्यांना वाटायचे, असा त्यातला गोड भाव आहे. लेक बाळंत झाली की माहेराहून डिंकाचे लाडू जातात, त्यांतही सुंठ आणि जायफळ असते. कोजागरीला मसाल्याचे दूध आटते आणि हिवाळ्याची चाहूल लागते. पौषात संक्रांतीला हळदीकुंकू होते, तेव्हा बाया वाण लुटतात. या वाणात हल्ली प्लास्टिकच्या डब्या आणि गाळण्या येतात. त्याऐवजी घरी कुटलेल्या चहाच्या मसाल्याची पुडी दिली तर ती महिनाभर रोज सकाळी देणारीची आठवण करून देईल, आणि खर्चही बेताचाच येईल.

श्रोतेहो, आता मूळ मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणाल, सुंठ किती आणि मिरे किती हे आमच्या आजीला पाठ आहे. ते लिहून काय ठेवायचे? यावर आपल्या हळदीचीच गोष्ट ऐका. रिसोड हे हळदीचे गाव. शेजारच्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी वर्ध्याकडच्या वायगावच्या आणि सांगलीच्या हळदीला मिळाले होते. हिवाळा सरता सरता शेतातून कंद निघतात, शिजतात, उन्हात वाळतात, पिंपात फिरून चकाकतात आणि बाजार समितीत पोती लागतात. जखम झाली की त्यावर हळद दाबायची, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही सांगावे लागत नाही. असे असताना १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग या गोष्टीवर मिसिसिपीच्या एका विद्यापीठाला पेटंट मिळाले. पेटंट म्हणजे शोध आमचा, हक्क आमचा, असा सरकारी दाखला!

आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिले. त्या वेळी परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, आपले मराठी शास्त्रज्ञ. पण तिकडचे कार्यालय "आमच्या आज्या असे करतात" हे ऐकून घेणारे नव्हते. त्यांना छापील, लिहिलेला पुरावा हवा होता. मग संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतले जुने ग्रंथ धुंडाळून आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख जोडून ३२ संदर्भ पुढे केले गेले. तेव्हा कुठे १९९७ साली पेटंट रद्द ठरले. या धड्यानंतर २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा मोठा संगणकीय कोश तयार करण्याचे काम देशात सुरू झाले. कुणीतरी, कधीतरी लिहून ठेवले होते म्हणून हळद वाचली. जे लिहिलेलेच नव्हते त्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

आणि परदेशी पेटंटाचीच भीती कशाला? घरातली माहिती घरातच विसरली जाते, हे अधिक वेळा घडते. हळद पिकवणारा शेतकरी पोते विकतो आणि परतताना हळदीची पुडी विकत आणतो. पुडी आली की प्रमाण विसरते. प्रमाण विसरले की पारखही जाते. मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळतात, हळदीला चमक यावी म्हणून शिशाचा विषारी पिवळा रंग लावण्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. अख्खा जिन्नस घेऊन घरी कुटणाऱ्याला फसवणे त्या मानाने कठीण. मिरे पाण्यात टाकून पहा : चांगला मिरा तळाशी जातो, पपईची बी बहुधा तरंगते.

लिहून ठेवणाऱ्या बायकांचे आपल्यावर उपकार आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र' हे पुस्तक १९१० सालचे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली. कमलाबाईंनी माप वाटी-चमच्याने दिले, म्हणून नव्या सुनांना ते लगेच उमगले. मापाचीही एक गंमत आहे. १९५८ सालापासून तोळा, छटाक, शेर हळूहळू गेले आणि ग्रॅम-किलो आले. ज्यांच्या वहीत 'अमुक तोळे' लिहिले होते त्यांना हिशेब करावा लागला. ज्यांनी 'इतके भाग' असे लिहिले होते त्यांचे काहीच अडले नाही. २०२० साली साथीच्या दिवसांत आयुष मंत्रालयाने काढा सांगितला, तोही भागांतच : तुळस चार भाग, सुंठ दोन, दालचिनी दोन, मिरे एक.

तेव्हा एक प्रमाण मी सांगतो. सुंठ चार भाग, विलायची दोन भाग, मिरे एक भाग, कलमी एक भाग, लवंग अर्धा भाग आणि जायफळ पाव भाग. एक भाग म्हणजे दहा ग्रॅम धरा. घरापुरता मसाला होतो. सगळे जिन्नस तासभर कोवळ्या उन्हात ठेवावेत, भाजू नयेत. भाजले की सुगंधाचे तेल उडून जाते. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्यावी, मग बाकीचे कुटावे. विलायची सालीसकट चालते. बारीक कपड्यातून चाळावे. वर जो चोथा राहील तो टाकू नये, काढ्याला उपयोगी पडतो. घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत भरावे आणि दोन-तीन महिन्यांत संपवावे. दोन कपांना पाव चमचा पुरे. गूळ घालायचा असेल तर पातेले उतरवल्यावर घाला, नाहीतर दूध नासते. पत्ती न घालता नुसता मसाला, तुळस आणि गूळ उकळला तर मुलाबाळांचा साधा काढा झाला. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी हात आखडता घ्यावा, आणि गरोदर बायांनी डॉक्टरांना विचारून घ्यावे. "पी हळद अन् हो गोरी" असा उतावीळपणा कोणत्याच काढ्यात उपयोगी नाही.

शिक्षकांना एक विनंती. या हिवाळ्यात मुलांना एक काम द्या. प्रत्येकाने घरच्या आजीला, मावशीला, नाहीतर शेजारच्या तांड्यावरच्या एखाद्या जाणत्या बाईला विचारावे : तुमच्या काढ्यात काय काय पडते, किती भाग पडते, आणि हे तुम्हाला कुणी शिकवले? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे. 'चिमूट' म्हणाल्या तर चिमूटच लिहावे, पण जमल्यास ती चिमूट तराजूवर मोजूनही पहावी. खाली गावाचे नाव आणि तारीख टाकावी. चाळीस मुलांच्या चाळीस पानांची वही होईल. ती शाळेच्या कपाटात जपून ठेवा. उद्या कुणी पुरावा मागितला, तर आपल्या गावाकडे तो असेल.